गोव्याहून हिमालय: हामटा, रुपिन, गोएचा ला की एव्हरेस्ट बेस कॅम्प? अवघड कशाला म्हणायचं?

चंद्रनाथ_पायथा

मंडळी, एक निवाडा करून द्या. आम्ही चार-पाच जण, सगळे चाळिशी ओलांडलेले. पावसाळा आला की नेत्रावळी, तांबडी सुर्ला, चोर्ल्याकडच्या रानवाटा तुडवतो. पुढच्या वर्षी हिमालयात एक मोठा ट्रेक करायचा असं ठरलं आणि तिथेच घोडं अडलं. एक म्हणतो हामटा पास, कारण ४,२७० मीटर झेपेल. दुसऱ्याला कांचनजंगा जवळून बघायचीय म्हणून सिक्कीममधला गोएचा ला (‘ला’ म्हणजे खिंड). तिसरा एव्हरेस्ट बेस कॅम्पवर अडून बसलाय आणि बाकीचे त्याला वेड्यात काढतायत, ५,३६४ मीटर म्हणजे काय खायचं काम आहे का! उत्तराखंडातून हिमाचलात उतरणाऱ्या रुपिन खिंडीचं खूळ माझं.

कंपन्यांच्या जाहिराती बघून गोंधळ वाढला. तोच रुपिन एकीकडे ‘मध्यम’, दुसरीकडे ‘मध्यम ते अवघड’, तिसरीकडे नुसताच ‘अवघड’. गोव्यातलं सगळ्यात उंच टोक म्हणजे सत्तरीतलं सोंसोगड, तेही बाराशे मीटरच्या आत. त्यामुळे चार हजार आणि पाच हजारांत काय फरक पडतो हे आम्हाला अंगानं ठाऊक नाही. तुलना करायची ती कशाच्या जोरावर?

पोदेराची_सायकल

सोंसोगडावर मायक्रोस्पाइक (बर्फात बुटाला लावायचे काटे) लागतात का? मित्रासाठी विचारतोय.

पाखाडी

@पोदेराची_सायकल, मीठ लागतं. जळवांसाठी.

रानवाट

चंद्रनाथबाब, जाहिरातीतला तो शब्द आधी सोडून द्या. आपल्याकडे ट्रेकची प्रतवारी ठरवणारी सर्वांनी मानलेली एक पट्टीच नाही. स्वित्झर्लंडच्या अल्पाइन क्लबची टी-१ ते टी-६ अशी श्रेणी आहे, पण ती पायाखालची वाट कशी आहे एवढंच सांगते, हवा किती विरळ ते सांगत नाही. इथे जो तो आपापलं लेबल लावतो, आणि ‘अवघड’ लिहिलं की गिऱ्हाईक बिचकतं हे लावणाऱ्यालाही कळतं.

सर्वांत उंच आकड्याकडे बघू नका. रोज रात्री कुठे झोपणार ते कागदावर मांडा. बेस कॅम्पला विमान उतरतं लुकल्याला, साधारण २,८६० मीटर. पहिली रात्र फाकदिंग, उलट खाली, २,६१०. मग नामचे ३,४४०, तिथे दोन रात्री. तेंगबोचे ३,८६०. दिंगबोचे ४,४१०, तिथेही दोन रात्री. मग लोबुचे ४,९०० च्या वर आणि गोरक्षेप ५,१६४. चढायलाच आठवडाभर जातो.

आता हामटा. मनाली २,०५०. गाडीनं जोब्रा, तिथून चालत छिका, ३,१०० च्या आसपास. दुसरी रात्र बालू का घेरा, ३,६००. तिसऱ्या दिवशी खिंड, ४,२७०, आणि पलीकडे शिया गोरू, ३,९००. गोव्याहून दिल्लीला जाऊन रात्रीच्या व्होल्वोनं मनाली गाठलीत आणि लगेच चालायला लागलात, तर समुद्रकाठचा माणूस चार-पाच दिवसांत खिंडीवर. शरीराला जुळवून घ्यायला सवडच नाही.

तीन हजारांच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, असा सर्वसाधारण नियम आहे. त्या मापानं बेस कॅम्प आकड्यात अकराशे मीटरनी मोठा असूनही शहाण्यासारखा चढतो. हामटा घाई करतो. छिक्याला गाणी म्हणणारी मंडळी बालू का घेऱ्याला तंबूत डोकं धरून पडलेली मी बघितली आहेत.

घाटवाट

रानवाटताईंशी अर्धा सहमत. मुक्कामांचं गणित बरोबर, पण त्यानं रुपिन कळत नाही.

रुपिनचा प्रश्न एका दिवसाचा आहे. वरच्या धबधब्याच्या कॅम्पवरून, म्हणजे चार हजाराच्या जरा वरून, अंधारात निघायचं आणि ४,६५० ची खिंड ओलांडून पलीकडे किन्नौरच्या बाजूला उतरायचं. खिंडीच्या खाली एक उभी घळ आहे. मे-जूनमध्ये ती कडक बर्फानं भरलेली असते. गाईड पुढे जाऊन आइस अ‍ॅक्सनं पायऱ्या खोदतो, एकेक पायरी जेमतेम बुटाच्या पुढच्या अर्ध्या भागाएवढी, आणि तुम्ही बुटाचं टोक त्यात आपटून, ती धरतेय का बघून मग वजन टाकायचं. वर बघितलं की पुढच्याच्या बुटाचे तळवे दिसतात, खाली बघायचं नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात त्याच घळीत बर्फ नसतं, सुटे दगड असतात, आणि वरच्याच्या पायाखालून निसटलेला दगड खालच्याच्या अंगावर येतो. नाव एकच, खिंड एकच, ट्रेक दोन.

म्हणून मी आधी महिना विचारतो. केदारकांठा ३,८०० च्या आसपास, सगळे त्याला सोपा म्हणतात. डिसेंबर-जानेवारीत पहाटे उणे दहात, गुडघाभर बर्फात, पायाला स्पाइक्स लावून वर जायचं म्हणजे काय ते कोलव्याच्या किनाऱ्यावर बसून कळणार नाही. तोच डोंगर एप्रिलअखेर बराच मवाळ असतो.

हवामानाचं तर विचारू नका. २०१४ च्या ऑक्टोबरात नेपाळमध्ये ऐन हंगाम होता. हुदहुद चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकलं आणि त्याची शेपटी दोन दिवसांनी अन्नपूर्णा परिसरात बर्फ होऊन कोसळली. थोरोंग लाच्या वाटेवर आणि आसपास चाळीसहून जास्त माणसं गेली. ती वाट जगभरची साधी माणसं चालतात. २०२४ च्या जूनमध्ये उत्तराखंडात सहस्त्रतालच्या वाटेवर कर्नाटकच्या गटातले नऊ जण वादळात अडकून गेले. दोन्ही ठिकाणी मुक्कामाच्या गणितापेक्षा त्या दिवशीचं आभाळ भारी पडलं. तेव्हा उंचीचाच जप नको.

स्टेथो_आणि_सॅक

आभाळाचं मान्य, पण उंचीचा जप थोडा करू द्या, माझं पोट त्यावर आहे.

तब्येतीनं तगड्या माणसाला उंची बाधत नाही, हा समज आधी डोक्यातून काढा. मिरामारवर रोज पहाटे धावणारा गडी ३,६०० वर आडवा पडतो आणि त्याची स्थूल मावशी चहा पीत बसलेली असते, असं सहज होऊ शकतं. दम टिकणं आणि उंची मानवणं या दोन निराळ्या गोष्टी. उलट तगडा माणूस भराभर चढतो आणि लवकर गोत्यात येतो.

हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण सगळीकडे २१ टक्केच असतं, घटतो तो दाब. लेहला, ३,५०० मीटरवर, दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश उरतो. ५,५०० च्या आसपास निम्मा. बेस कॅम्पवर एका श्वासात पणजीतल्यापेक्षा जेमतेम निम्मा ऑक्सिजन आत जातो. शरीर हळूहळू सोय करतं, पण त्याला दिवस लागतात.

डोकं दुखणं, मळमळ, भूक जाणं, चक्कर, अंगात त्राण नसणं: ही नेहमीची उंचीबाधा, एएमएस. एवढ्यावर घाबरायचं नाही, पण वरही जायचं नाही. तिथेच थांबायचं, वाढलं तर खाली. दोन प्रकारांत मात्र थांबायलाही वेळ नसतो. बसल्या जागी धाप लागतेय, खोकल्यातून फेस येतोय, तर फुप्फुसात पाणी होतंय. चालताना झोकांड्या जातायत, बोलणं भरकटतंय, तर मेंदूला सूज येतेय. संशय आला की त्या माणसाला टाचेला बोटं लावून सरळ रेषेत आठ-दहा पावलं चालायला सांगा. तोल गेला तर ‘सकाळी बघू’ म्हणायचं नाही, रात्रीच खाली न्यायचं.

डायमॉक्स, म्हणजे उंचीबाधेवरची गोळी, घेऊ का, हा पुढचा प्रश्न येणारच. टाळण्यासाठी सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून. बोटांना मुंग्या येतात, लघवीला सारखं जावं लागतं. सल्फाची अ‍ॅलर्जी किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आपल्या डॉक्टरला विचारल्याशिवाय हातही लावू नका. आणि गोळी घेतली म्हणून मुक्कामाचा दिवस वाचवता येत नाही.

ऑक्सिमीटर सगळ्यांच्या खिशात असतो हल्ली. गारठलेल्या बोटावर तो काहीही दाखवतो. आकड्यापेक्षा माणसाकडे बघा: जेवतोय का, थट्टा करतोय का.

ज्यांचा विचार लडाखकडे वळतोय त्यांच्यासाठी एवढंच: दिल्लीहून पहाटेच्या विमानानं लेहला उतरलात की पहिले दोन दिवस बाजार नाही, खारदुंग ला नाही, काही नाही. खोलीत पडून राहा.

पोदेराची_सायकल

डॉक्टर, मावशीला इथे ओढायची गरज नव्हती. ती हा धागा वाचते.

रानवाट

@घाटवाट, महिन्याचा मुद्दा मान्य, तो मी लिहायला हवाच होता असं नाही म्हणत, पण तुम्ही बरं केलंत. आता माझा दुसरा निकष, माझ्या मते उंचीपेक्षाही मोठा: बिघडलं तर सुटायला किती वेळ लागतो?

बेस कॅम्पच्या वाटेवर दर दोन-तीन तासांवर लॉज आहे, छप्पर आहे, गरम पाणी आहे. फेरिचेला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं केंद्र १९७३ पासून आहे आणि हंगामात तिथे डॉक्टर असतात. वाट एकाच खोऱ्यातून वर जाते, त्यामुळे मागे फिरलात की उतरणच. अगदी टोकाची वेळ आली तर हेलिकॉप्टर आहे, विमा काढलेला असेल तर.

हामट्याला खिंडीच्या अलीकडे बिघडलं तर एका दिवसात जोब्राला परत. पलीकडे बिघडलं तर छत्रूला गाडीरस्ता. चढायला घाईचा आहे, पण सुटायला मोकळा.

गोएचा ला बघा. युक्सम १,७८०, साचेन, छोका ३,०००, आणि तिथून एका दिवसात झोंगरी, चार हजाराच्या घरात. हजार मीटरची उडी! म्हणून झोंगरीला एक दिवस थांबतात. तिथून कोकचुरांगला खाली उतरून पुन्हा थांसिंग, मग लामुने ४,२००. तिथून मध्यरात्री उठून पहिल्या व्ह्यू पॉइंटला, ४,६०० च्या आसपास. हल्ली परवाना तिथपर्यंतच मिळतो, प्रत्यक्ष ४,९४० च्या खिंडीपर्यंत नाही, हेही त्या कांचनजंगावाल्या मित्राला सांगून ठेवा. आणि लामुनेला कोणाचं बिघडलं तर युक्समचा गाडीरस्ता दोन दिवसांच्या चालीवर. मध्ये दवाखाना नाही.

मला विचाराल तर या चारांत चाळिशीपलीकडच्या, समुद्रकाठच्या, पहिल्यांदा जाणाऱ्या मंडळींसाठी गोएचा ला सर्वांत अवघड. त्याखालोखाल रुपिन. हामटा आणि बेस कॅम्प यांत मी बेस कॅम्प सुचवीन, आकडा बघून हसणाऱ्यांना हसू द्या.

घाटवाट

गोएचा लाबद्दल सहमत. झोंगरीचा तो विश्रांतीचा दिवस कापून ‘एका दिवसात जास्त बघा’ म्हणून विकणारी एक कंपनी माझ्या वाट्याला आली होती. नाव सोडा. आमच्यातले दोघे थांसिंगला ओकून ओकून रिकामे झाले आणि लीडर सांगत होता की उन्हामुळे होतंय. पैसे भरायच्या आधी दिवसवार तक्ता मागा. ज्या तक्त्यात थांबायचा दिवस नाही, तो ट्रेक त्या कंपनीकडून करू नका, बस्स.

पण बेस कॅम्प सोपा असं कोणी वाचत असेल तर थांबा. दोन आठवडे सलग चालायचं आहे. याकच्या आणि खेचरांच्या शेणाची धूळ, कोरडी थंड हवा, आणि दिंगबोचेनंतर जो खोकला लागतो तो काठमांडूपर्यंत सोडत नाही. गोरक्षेपला भूकही नाही आणि झोपही नाही. काला पत्थर हे जवळचं टोक ५,५०० च्या वर आहे, पहाटे निघालात तर नाकातलं पाणी गोठतं. तिथे कोणाचं डोकं ठणकत असेल तर काला पत्थर सोडायचा. एव्हरेस्ट जवळून दिसतं तिथूनच, बेस कॅम्पवरून नाही, म्हणून मन होत नाही, पण सोडायचा.

लुकल्याच्या विमानांचंही बघा. ऐन हंगामात बरीचशी काठमांडूहून न सुटता रामेछापहून सुटतात, तिथवर चार-पाच तासांचा रस्ता. ढग आले की उड्डाण रद्द. परतीच्या दाबोळी-मोपाच्या तिकिटाआधी दोन दिवस मोकळे ठेवा.

पाखाडी

तयारीबद्दल कोणी बोलत नाही म्हणून मी. गोव्यात राहून उंचीची तयारी होत नाही, मग कळसूबाई केलं तरी नाही, ते १,६४६ मीटरच. पायांची होते. आणि पायांची तयारी म्हणजे किनाऱ्यावर पळणं नव्हे. सपाटीवर पळून छाती तयार होते, मांडीचा पुढचा स्नायू नाही, आणि उतारावर तोच कामाला येतो.

चंद्रनाथबाब, तुमच्या नावातच उत्तर आहे. पारोड्याच्या चंद्रनाथ पर्वतावर जा, आठवड्यातून दोनदा, पायथ्यापासून चालत. पाठीवर पाण्याच्या बाटल्या भरलेली सॅक, सुरुवातीला पाच किलो, मग आठ. गुडघे कुरकुरत असतील तर वर पाणी झाडांना घालून रिकाम्या सॅकनं उतरा. पण महिन्याभरानं भरल्या सॅकनंच उतरायला शिका. पणजीवाल्यांना आल्तिनोचे चढ-उतार आहेत, एकाला एक जोडून तासभर.

थोरोंग लाचं उदाहरण देतो, कारण तिथे हे फार लागतं. फेदीहून, साधारण ४,५०० वरून, ५,४१६ पर्यंत चढ आणि त्याच दिवशी मुक्तिनाथपर्यंत सोळाशे मीटरच्या आसपास उतार. लोक चढाच्या धास्तीत असतात आणि संध्याकाळी जिना उतरताना भिंत धरतात.

अजून एक हिशेब उपयोगी पडतो. स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथनं १८९२ मध्ये मांडलेला नियम: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि वर दर ६०० मीटर चढाला एक तास. बारा किलोमीटर आणि ९०० मीटर चढ असेल तर चार तासांच्या आत. चार हजारांच्या वर मी तो आकडा सरळ दुप्पट धरतो. दोन ट्रेकचे सर्वांत जड दिवस असे तासांत मांडले की जाहिरातीतली विशेषणं आपोआप गळतात.

दर्यावर्दी

+१. आणि हामट्याला शिया गोरूच्या ओढ्याचं कोणी सांगितलं नाही. बूट गळ्यात, हात एकमेकांत अडकवून पाण्यात शिरायचं. तिसऱ्या पावलाला बोटं आहेत की नाहीत कळत नाही. पलीकडे दगडावर बसून पाय पुसताना आधी काहीच वाटत नाही, मग सुया टोचायला लागतात आणि चांगले बापये शिव्या घालतात. सकाळी लवकर पाणी कमी असतं. दुपारी वरचं बर्फ वितळलं की तोच ओढा अंगावर येतो. गाईड ‘लवकर उठा’ म्हणतो ते उगाच नाही.

पोदेराची_सायकल

गंभीर प्रश्न. हंगाम कोणता? कारण चवथ, म्हणजे गणपती. सप्टेंबरात हिमालय म्हटलं तर आमच्या घरात गणपतीवर फळाफुलांची बांधतात ती माटोळी माझ्याच डोक्यावर बांधतील. आणि दोन आठवडे नुस्त्याशिवाय, मासळीशिवाय?

रानवाट

बेस कॅम्प आणि गोएचा ला दोन्ही एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर. चवथ तोवर आटोपलेली असते. रुपिन मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. हामटा जूनच्या मध्यापासून सप्टेंबर, तिथे मात्र चवथीची तारीख बघावी लागेल. नुस्त्याचं विसरा. नामचेच्या वर मांसही मागवू नका, ते खालून पाठीवर चढून आलेलं असतं, किती दिवसांचं ते देव जाणे. डाळभात घ्या, मागाल तितका पुन्हा वाढतात.

चंद्रनाथ_पायथा

देव बरें करूं सगळ्यांचं! धागा गटात टाकला. हामटावाल्यानं ओढ्याचं वाचून तोंड मिटलंय. कांचनजंगावाला ‘खिंडीपर्यंत सोडत नाहीत’ यावर अजून चरफडतोय. बेस कॅम्पवाला मात्र कॉलर ताठ करून फिरतोय, त्याला आवरायला हवं. मी रुपिन सोडलेला नाही, पुढे कधीतरी, सप्टेंबरातला.

डॉक्टर, एक राहिलं. आमच्यातल्या एकाला रक्तदाबाची गोळी चालू आहे. त्यानं यावं का?

स्टेथो_आणि_सॅक

दाब आटोक्यात असेल तर निव्वळ त्यावरून नाही म्हणणार नाही. पण उंचीवर दाब थोडा वाढतो, त्यामुळे निघायच्या बरेच आधी त्याच्या डॉक्टरकडून तपासणी, ईसीजी, गरज वाटली तर स्ट्रेस टेस्ट. गोळी वर जाऊन बंद करायची नाही, हे त्याच्याकडून कबूल करून घ्या. ‘बरं वाटतंय’ म्हणून सोडणारे फार. गोळी पाणी काढणारी असेल तर डायमॉक्सच्या आधी विचारायचंच. गोळ्यांचे दोन संच न्या, एक त्याच्या सॅकमध्ये, एक तुमच्या. सामान खेचरावर गेलं आणि संध्याकाळी उशिरा पोचलं असं होतं.

दर्यावर्दी

धागा थोडा वळवतो. बाबांना कैलास-मानसरोवर करायचंय, वय ६२. २०२५ पासून यात्रा पुन्हा सुरू झाल्यापासून घरात दुसरा विषय नाही. ते अवघडच्या कुठल्या खणात बसतं?

रानवाट

वर लिहिलेल्या निकषांवर लावून बघा. परिक्रमेतला डोल्मा ला ५,६३० मीटर, म्हणजे या धाग्यातल्या सगळ्या खिंडींच्या वर. वाट तांत्रिक नाही, पण तो एक दिवस फार लांब. सरकारी यात्रेला वयाची मर्यादा १८ ते ७० आहे, बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) २५ किंवा त्याखाली लागतो, आणि दिल्लीत वैद्यकीय तपासणी होते. लिपुलेखच्या वाटेनं गेलात तर गुंजीला पुन्हा तपासतात आणि तिथूनही परत पाठवतात. ते कडक वाटतं, पण त्या वाटेवर तेच हवं. बाबांचं वजन किती आणि पारोड्याचा पर्वत चढून उतरायला त्यांना किती वेळ लागतो, ते आधी लिहा. मग बोलू.

दर्यावर्दी

वजन विचारल्यावर बाबा म्हणाले, तुमच्या त्या बाईंना सांग, आधी चवथ होऊ दे.